वळायला जागा आहे का?

परवा पुण्याहून मावसभावाचा फोन आला. पठ्ठ्याने नवीन फोर बाय फोर घेतली आहे आणि आता त्याला ती कुठेतरी दगडधोंड्यांत घालायची आहे. मला म्हणाला, "तू तिकडे ट्रक घेऊन डोंगरात जातोस ना? सुरुवात कशी करायची ते सांग." मग काय, मी सुरूच झालो. पाऊण तास बोललो. फोन ठेवल्यावर जरा वेळाने लक्षात आलं की मी जे काही ज्ञान पाजळलं त्यातलं निम्मं माझं नव्हतंच, अण्णांचं होतं. तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात आहे. नात्यातल्या मंडळींना यातलं काही माहीत असेल, काही नसेल. बायकोला सगळं माहीत आहे, तिने वाचलं नाही तरी चालेल.

आधी ट्रकबद्दल. अमेरिकेत पिकअपला ट्रक म्हणतात. अण्णा पहिल्यांदा आले तेव्हा मी म्हटलं, "अण्णा, ट्रक आणलाय विमानतळावर." ते बाहेर येऊन इकडेतिकडे बघत राहिले, आणि मग माझ्या टोयोटा टॅकोमाकडे बोट दाखवून म्हणाले, "ह्याला ट्रक म्हणतात?" एकतीस वर्षं एसटी चालवलेल्या माणसाला तो प्रश्न शोभतो. गाडी २०२० साली सेकंडहँड घेतली. चार दरवाजे, मागे छोटा हौदा, फोर बाय फोर, बाकी कंपनीतून निघाली तशीच. उंच केलेली नाही, मोठे टायर नाहीत, विंच नाही. घेताना बायकोला सांगितलेलं कारण होतं बागेसाठी माती आणि लाकडं आणणे. खरं कारण तुम्ही ओळखलंच असेल. डेन्व्हरला राहायचं, पश्चिमेकडच्या खिडकीतून रोज रॉकी पर्वत बघायचा आणि तिथे वर जाणारे शेकडो मैलांचे कच्चे रस्ते नुसते नकाशावर बघत बसायचं, हे किती दिवस चालणार?

तर पहिली चूक. जुलै २०२१. कुठेतरी वाचलं की अमुक एक रस्ता 'ईझी' आहे. रस्त्याचं नाव सांगत नाही, रस्त्याचा काही दोष नव्हता. मी, मीनल आणि तेव्हा सात वर्षांचा ओजस. डबा घेतला, थर्मासमध्ये चहा घेतला, निघालो निवांत अकरा वाजता. पहिले दोन मैल मजेत गेले. मग रस्ता अरुंद झाला, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, आणि समोर दगडाची एक पायरी. फूटभर असेल. मी थांबायला हवं होतं. पण मागून तीन जीपा आल्या होत्या, मोठाल्या टायरांच्या, आणि मला उगाचच वाटलं की आपण त्यांचा खोळंबा करतोय. म्हणून घातली गाडी. पुढची चाकं चढली, मधला भाग बसला. जो आवाज आला तो मी अजून विसरलेलो नाही. पत्र्याचा डबा कुणी पायाखाली घेऊन दाबावा तसा. गाडीत चढायची बाजूची पायरी आत वळली होती, बंपरच्या खालचं प्लास्टिक लोंबत होतं. ना पुढे, ना मागे. आणि साडेबाराच्या सुमाराला डोंगरामागून ढग गडगडायला लागले.

इथल्या पर्वतात जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी वादळ येतं, विजा पडतात, झाडांच्या रेषेच्या वर असाल तर तुम्हीच आसपासची सगळ्यात उंच वस्तू असता. म्हणून पहाटे निघायचं आणि दुपारपर्यंत खाली यायचं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मला माहीत नव्हतं. मीनल ओजसला घेऊन पावसात पायी खाली निघाली. मागच्या जीपवाल्यातला एक दाढीवाला बाबा उतरला, काही न बोलता माझ्यासमोर उभा राहिला आणि हातांनी स्टिअरिंग डावीकडे, उजवीकडे असं दाखवत त्याने मला इंच इंच करत मागे काढलं. चाळीस मिनिटं लागली. मी आभार मानले तर म्हणाला, इथे प्रत्येकाची अशी एक गोष्ट असते.

मीनल खाली एका झाडाखाली ओजसला जॅकेटमध्ये गुंडाळून उभी होती. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "तुला जायचं तर जा. ओजसला घेऊन नाही. आणि मीही येणार नाही." विषय संपला. दोन वर्षं तो संपलेलाच होता.

त्या दोन वर्षांत मी जे शिकलो ते मुख्यतः घरात बसून. सगळ्यात आधी कळलं ते हे, की 'ईझी' हा शब्द कुणाच्या तोंडी आहे ते बघायचं. पस्तीस इंची टायर, उचललेली जीप आणि वीस वर्षांचा सराव असलेला माणूस जेव्हा सोपं म्हणतो तेव्हा ते त्याच्या गाडीला सोपं असतं. आपल्या आजीच्या 'सोप्प्या' पुरणपोळीसारखं. म्हणून आता मी वर्णनात 'सोपा' हा शब्द शोधत नाही. मी शोधतो की तिथे कुणी माझ्यासारख्या साध्या गाडीतून, साध्या टायरवर, अलीकडच्या दोन आठवड्यांत गेलंय का. अलीकडच्या हे महत्त्वाचं. डोंगरातला रस्ता दर वर्षी बर्फ वितळलं की नवा होतो. गेल्या ऑगस्टमध्ये सपाट असलेल्या जागी यंदा कमरेएवढी घळ असू शकते.

दुसरी गोष्ट नकाशाची. इथे फॉरेस्ट सर्व्हिसचा 'मोटर व्हेइकल यूज मॅप' नावाचा नकाशा असतो, फुकट मिळतो. दिसायला अगदी रुक्ष, काळापांढरा, ना डोंगराचा उतार नीट कळत, ना देखावा. पण कायद्याने तोच खरा. कुठल्या रस्त्यावर कुठलं वाहन, वर्षाच्या कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत चालेल हे त्यावर असतं. त्यावर नसलेल्या वाटेवर गाडी घातली तर दंड. मी सुरुवातीला समजायचो की नकाशावर रस्ता आहे म्हणजे माझी गाडी जाईल. तसं नाही. तो नकाशा जाऊ 'देतात' का ते सांगतो, जाऊ 'शकाल' का ते नाही. ते विचारायला त्या भागातल्या रेंजर ऑफिसला फोन करायचा. मी एकदा केला तर पलीकडच्या बाईंनी मलाच प्रश्न विचारले. गाडी कुठली, टायर कुठले, सोबत दुसरी गाडी आहे का, यापूर्वी कुठे गेलात. आणि मग म्हणाल्या, तुम्ही असं करा, दुसरीकडे जा.

तिसरी गोष्ट मात्र मला स्वतःला सापडली आणि तिचा मला जरा अभिमान आहे, म्हणून इथे थोडं रेंगाळतो. रस्ता कोणी आणि कशासाठी बांधला ते शोधायचं. कोलोरॅडोतले हे बहुतेक रस्ते हौसेसाठी कुणी केलेले नाहीत. एकोणिसाव्या शतकात इथे सोनं आणि चांदी निघाली, खाणी डोंगराच्या माथ्यावर, वितळवायच्या भट्ट्या खाली, मग खनिज आणायला वाटा केल्या. काही खेचरांच्या, काही घोडागाड्यांच्या आणि काही चक्क रेल्वेच्या. आता गंमत बघा. खेचर कुठूनही चढतं. घोडागाडीला जरा बरी वाट लागते. आणि रेल्वेला चढ अजिबात सोसत नाही, तिला वळण मोठं लागतं आणि उतार हलका लागतो. म्हणजे ज्या कच्च्या रस्त्याखाली पूर्वी रूळ होते तो नवशिक्यासाठी सगळ्यात सोपा! रूळ उखडून शंभर वर्षं झाली तरी डोंगर कापून इंजिनिअरने आखलेला तो उतार तसाच राहतो.

बोल्डर गावाच्या पश्चिमेला 'स्वित्झर्लंड ट्रेल' आहे तो असाच. तीन फूट रुंदीची नॅरोगेज होती, खाणीसाठी बांधलेली, मग खाणी आटल्या तेव्हा कंपनीने शहरातल्या लोकांना रानफुलं बघायला सहलीला न्यायला सुरुवात केली. १९१९ मध्ये ती बंद पडली. ब्रेकनरिज आणि कोमो यांच्यामधली बोरिअस खिंड तशीच, साडेअकरा हजार फुटांना जराशी कमी, तिथूनही एके काळी आगगाडी जायची. कोरड्या दिवसांत तर साधी मोटारही जाते.

हे सगळं जमवून ठेवलं होतं. जायला मात्र सोबत नव्हती. एकट्याने, एका गाडीने जायचं नाही हे त्या दाढीवाल्याने शिकवलं होतं.

मग अण्णा आले.

आई २०२२ मध्ये गेली. वाईच्या घरी अण्णा एकटे. २०२३ च्या मेमध्ये मी त्यांना घेऊन आलो, सहा महिन्यांसाठी. पहिला महिना बरा गेला. दुसऱ्या महिन्यात ते सकाळी उठून आंघोळ करून, शर्ट इन करून, हॉलमध्ये खिडकीशी बसायला लागले. मी म्हणायचो, अण्णा चालून या. ते म्हणायचे, "आरं, चालायला रस्ता हाय, पण जायचं कुठं?" मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये, मीनल तिच्या, ओजस शाळेत. ज्या माणसाने पसरणीचा घाट, आंबेनळी, कुंभार्ली अशा वाटांवर रोज पन्नास माणसं सुखरूप पोचवली त्याच्याकडे दिवसभरात काही करण्यासारखं नव्हतं. इथे गाडी चालवायचा प्रश्नच नव्हता. आणि माझ्या शेजारी बसून जायचं म्हणजे... आमच्यात तसं फार बोलणं कधीच नव्हतं. लहानपणापासून. त्याचं एक कारण मला माहीत होतं, त्यांना माहीत नव्हतं. ते पुढे येईल.

जूनच्या शेवटी मी म्हटलं, "अण्णा, शनिवारी जरा कच्च्या रस्त्याने जाऊन यायचं का?" त्यांनी पहिल्यांदा मान वर करून बघितलं. "घाट हाय?"

डॉक्टरांना विचारलं, कारण २०१८ मध्ये त्यांची अँजिओप्लास्टी झालेली. उंचीचा प्रश्न होता. आता हे बघा, आपलं कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट. डेन्व्हर शहर ५२८० फूट. म्हणजे आमचं वाणसामानाचं दुकान जवळजवळ कळसूबाईच्या शिखरावर आहे. अण्णांना दोन महिन्यांत तेवढ्याची सवय झाली होती. डॉक्टर म्हणाले, हळूहळू वर जा, झोपायला खाली या, पाणी प्यायला लावा, दम लागला की परत फिरा. बोरिअस खिंडीत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश असतो, त्यामुळे तिथे लगेच नाही. आधी स्वित्झर्लंड ट्रेल.

निघण्याआधी मी हौदा रिकामा केला होता, गाडी हलकी हवी म्हणून. अण्णा मागे गेले, हौदा बघितला, म्हणाले, "ह्यात काय तरी वजन टाक." मी म्हटलं कशाला? तर म्हणाले रिकामी गाडी मागं उड्या मारते. दोन पोती वाळू होती गॅरेजमध्ये, ती टाकली. पुढे पन्हाळी पत्र्यासारख्या खरबरीत रस्त्यावर खरंच फरक कळला. पिकअपचं मागचं टोक हलकं असतं, चाकं जमीन सोडतात. हे मी दोन वर्षांत कुठेही वाचलं नव्हतं.

कच्चा रस्ता लागला तिथे थांबून मी टायरमधली हवा तीस पौंडांवरून वीसवर आणली. टायर पसरतो, दगडावर जास्त पकड घेतो, हादरे कमी. हे अण्णांना नवीन होतं आणि आवडलं नाही. एसटीत हवा कमी म्हणजे टायर गेला. परत येताना छोटा कॉम्प्रेसर लावून मी हवा भरली तेव्हा ते शेजारी उभे राहून मीटर वाचत होते, आणि डाव्या मागच्या टायरमध्ये अर्धा पौंड कमी आहे हे सांगून मोकळे झाले.

तो रस्ता खरंच सोपा निघाला. रूळांच्या जागी जाडं खडीचं अंथरूण, दोन्ही बाजूंना पाइनची झाडं, वळणं लांबलचक. अण्णा म्हणाले, "हे आपल्या माथेरानच्या गाडीगत झालं." मी म्हटलं, माथेरानची याहून अरुंद, दोन फुटांची. ते म्हणाले, "पर ती चालू हाय." यावर काय बोलणार!

उताराला लागल्यावर मी ब्रेकवर पाय ठेवून चाललो होतो. थोडा वेळ ते गप्प होते. मग: "चढताना कुठल्या गिअरात चढलास?" मी सांगितलं. "मग त्याच गिअरात उतर. ब्रेक तापवू नगं." माझी गाडी ऑटोमॅटिक आहे. मी फोर लो लावून गिअर हाताने पहिल्यात टाकला. गाडी आपोआप मुंगीच्या पावलाने उतरायला लागली, ब्रेकला पाय लावायची गरजच राहिली नाही. अण्णांनी इंजिनाचा आवाज ऐकला आणि सीटला टेकून बसले. त्या दिवशी पहिल्यांदाच टेकले.

समोरून गाडी आली तर खाली येणाऱ्याने थांबायचं, चढणाऱ्याला वाट द्यायची, हा नियम इथेही आहे आणि आपल्या घाटातही. फरक एवढाच की इथे थांबलेल्या माणसाला जाणारा हात करतो. अण्णा प्रत्येकाला हात करायचे. नंतर नंतर थांबलेले नसले तरी करायचे.

मग दर शनिवारी. ऑगस्टमध्ये बोरिअस. तिथे माथ्यावर अण्णा दहा मिनिटं जुन्या रेल्वेच्या इमारतीपाशी उभे राहिले, जरा दम लागला, आम्ही पाणी पिऊन खाली आलो. एक गोष्ट त्यांनी मला नीट शिकवली, ती त्यांच्याच शब्दांत: दगड पोटाखाली घेऊ नगं, चाक दगडावर चढव. मला वाटायचं दगड दोन चाकांच्या मध्ये घेतला की सुटलो. उलट आहे. चाक दगडावर गेलं की गाडीचं पोट उचललं जातं, मध्ये घेतला की तो पोटाला लागतो. पहिल्या वेळी मी नेमकं हेच चुकलो होतो. आणि पिकअप जीपपेक्षा लांब, त्यामुळे तिचं पोट आधीच जमिनीला जवळ असल्यासारखं. हे मी कागदावर आकृती काढून समजून घेतलं, अण्णांनी पाठीच्या मणक्याने घेतलं होतं.

सप्टेंबरचा शेवटचा शनिवार. पुढच्या आठवड्यात अण्णांचं विमान. अ‍ॅस्पेनची झाडं पिवळीधमक झालेली. मी ठरवलं होतं माँटेझुमाजवळच्या पेरू क्रीकच्या रस्त्याने जायचं. खड्डे आहेत पण सोपा, जुन्या खाणीपर्यंत जातो. खाणीतून झिरपणाऱ्या पाण्याने ओढ्यातले दगड गंजल्यासारखे लालसर झालेत, खाण बंद पडून किती वर्षं झाली तरी. त्याच रस्त्यावर मैल-दोन मैलांवर डावीकडे फाटा फुटतो, चिवावा गल्चचा. तो सोपा नाही. हे मला माहीत होतं. वाचलेलं होतं. पण उन्हाळाभर एकदाही कुठे अडकलो नव्हतो, अण्णा शेजारी होते, आणि शेवटचा शनिवार होता. मला त्यांना काहीतरी दाखवायचं होतं. काय दाखवायचं होतं कोण जाणे. डोंगर की मी.

घातली गाडी फाट्याने. सुरुवातीलाच चढ, सुटे दगड. शंभरेक यार्डांवर अण्णा म्हणाले, "थांब."

थांबलो. ते उतरले. काठी घेऊन चढावर चालत गेले, थांबत थांबत. मी गाडीत बसून त्यांची पाठ बघत होतो. वळणापलीकडे दिसेनासे झाले. पाच मिनिटांनी आले. मला वाटलं आता म्हणतील परत फीर. पण ते खिडकीशी येऊन एवढंच म्हणाले, "फुडं वळायला जागा हाय का?"

मी म्हटलं, माहीत नाही.

"मग?"

आता ती जुनी गोष्ट सांगतो. १९८८ चा पावसाळा. मी दहा वर्षांचा. पोलादपूरहून महाबळेश्वरला येणाऱ्या अण्णांच्या शेवटच्या गाडीत मी पुढच्या सीटवर बसलो होतो, आत्याकडून परत येताना. आंबेनळीत धुकं इतकं उतरलं की बॉनेट दिसेना, रस्त्यावरून पाणी वाहत होतं. अर्ध्या घाटात अण्णांनी गाडी डोंगराच्या बाजूला घेतली, चाकांना दगड लावले आणि इंजिन बंद केलं. म्हणाले, उजाडल्याशिवाय हलणार नाही. गाडीत गलका झाला. कुणाचं लग्न होतं, कुणाचं दवाखान्यात कोणी होतं. एक माणूस मोठ्याने म्हणाला, "ड्रायव्हर घाबरला!" आणि लोक हसले. मी खिडकीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग घेतलं. त्या माणसांना कळू नये म्हणून, की मी त्या ड्रायव्हरचा मुलगा आहे. सकाळी उजाडलं, धुकं हटलं, गाडी निघाली. पुढचा रस्ता अगदी ठीक होता. दरड नाही, काही नाही. दरड असती तर मी शाळेत सगळ्यांना सांगितलं असतं. काहीच नव्हतं, म्हणून कुणालाच सांगितलं नाही. अण्णांनाही नाही. त्यानंतर मी त्यांच्या गाडीत पुढे कधी बसलो नाही. मोठा झालो, शिकलो, इकडे आलो.

तर अण्णा खिडकीशी उभे आणि मी म्हटलं, "नाही अण्णा, जायचं नाही. मागे घेऊ."

त्यांनी मान हलवली. आणि मागे गेले.

मागे घेणं पुढे जाण्यापेक्षा अवघड होतं. डावीकडे उतार, आरशात नुसता धुरळा. मला वाटलं त्या दाढीवाल्यासारखे समोर उभे राहून हात करतील. तसं नाही. ते गाडीच्या उजव्या बाजूला, मागच्या चाकाजवळ, डोंगराच्या अंगाला उभे राहिले आणि त्यांनी पत्र्यावर थाप मारली. दोनदा. मला क्षणभर कळेना. मग कळलं. टिण टिण. दोन घंटा म्हणजे चला. मी ब्रेक सोडला. गाडी हळूहळू मागे. एक थाप. थांबलो. एक घंटा म्हणजे थांबा. "उजवीकडं तोड!" पुन्हा दोन थापा. असं करत करत, कधी फूटभर, कधी चार फूट, ते गाडीबरोबर चालत होते आणि मी आरशात बघणं सोडून नुसता ऐकत होतो. ७३ वर्षांचा माणूस साडेदहा हजार फुटांवर उतारावर दगडांतून मागे मागे चालतोय, हे आता लिहिताना माझ्या पोटात गोळा येतो. तेव्हा नाही आला. तेव्हा मी फक्त पुढची थाप कधी येते त्याची वाट बघत होतो.

फाट्यावर आलो तिथे गाड्या लावायला मोकळी जागा होती. थर्मासमधला चहा घेतला. अण्णांचा श्वास शांत व्हायला वेळ लागला. मी म्हटलं, "अण्णा, तुम्हाला आठवतं का, मी लहान असताना आंबेनळीत तुम्ही रात्रभर गाडी थांबवली होती?"

त्यांनी विचार केला. खरंच विचार केला, भुवया आक्रसून. मग म्हणाले, "कुठली रात्र? अशा लई झाल्या."

मी त्यांना बाकीचं सांगितलं. झोपेचं सोंग वगैरे. सगळं. ते ऐकत होते. कप झटकून झाकण लावता लावता म्हणाले, "तुला थंडी वाजत होती त्या रात्री. माझा खाकी कोट घातला होता तुझ्या अंगावर. ते ध्यानात हाय." म्हणजे रात्र आठवत होती तर! आणि ते सोंग त्यांना कळलं होतं का, हे मी विचारलं नाही. ते पुढे काही बोलले नाहीत. मग आम्ही पेरू क्रीकच्या रस्त्याने खाणीपर्यंत जाऊन आलो, जसं आधी ठरलं होतं तसं. तो लाल ओढा त्यांना आवडला नाही. "पाणी नासलंय," म्हणाले.

घरी आल्यावर ओजसने विचारलं, आजोबा काय काय बघितलं? अण्णांनी त्याला अर्धा तास सांगितलं. चढ किती, दगड केवढे, आपण कुठून मागे फिरलो आणि का फिरलो. मीनल ओट्याशी काकडी चिरत होती. तिने सुरी थांबवली. "मागे फिरलात?" तिने मला विचारलं. अण्णांना नाही, मला.

"हो."

"मधूनच?"

"सुरुवातीलाच. वळायला जागा आहे की नाही माहीत नव्हतं."

ती काही बोलली नाही. काकडी चिरून झाली. जेवताना म्हणाली, अण्णा गुरुवारी जाणार, त्याआधी बुधवारी ओजसला शाळेला सुट्टी आहे, त्या आगगाडीच्या रस्त्याने आपण सगळेच जाऊ. डबा मी करते. पण सकाळी सहाला निघायचं, अकराला नाही. आणि मी मागे बसणार, पुढे अण्णा.

बुधवारी सहा वाजता निघालो. अण्णा आधीच गाडीपाशी उभे होते, शर्ट इन करून. वाळूची पोती त्यांनी रात्रीच हौद्यात टाकून ठेवली होती.